पत्राचा सार आणि उंदराने नेलेली वात

'गोषवारा' हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो फारसीतून आलाय हे लक्षातही येत नाही. 'गोश' म्हणजे कान, आणि 'गोशवारा' म्हणजे कानातलं, डूल. हिशेबाचा सार हा दुसरा अर्थ त्याला तिकडेच चिकटला, आणि दफ्तरांबरोबर तो आपल्याकडे आला. डुलापासून जमाखर्चापर्यंत हा शब्द कसा पोचला असेल यावर मला चार तर्क करता येतील, पण तर्कांची खुमखुमी दुसऱ्या कुठल्यातरी दिवसासाठी ठेवतो.

सध्या डोक्यात गोषवारा बसलाय त्याचं कारण भाची. ती शेतमालाच्या साठवणीवर संशोधन करते. पहिला पेपर लिहून झाला, आणि आता त्याचा अडीचशे शब्दांत ॲबस्ट्रॅक्ट हवाय. "मामा, पेपर आठ महिन्यांत झाला, हे अडीचशे शब्द तीन आठवडे होत नाहीयेत," असं ती म्हणाली. मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. पण सार काढणं म्हणजे काय याचा एक मोठा धडा आमच्या सदाशिव पेठेतच गिरवला गेलाय, आणि तो मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. म्हणून हे लिहितोय. नातेवाईकांनी कंटाळा आला तर मधला तारखांचा भाग गाळावा, पुढे उंदीर येतो तिथून वाचावं.

भरत नाट्य मंदिराच्या शेजारी भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी ते स्थापन केलं. पेठेतल्या बऱ्याच जणांना ते 'नाटकाला गाडी कुठे लावायची' या संदर्भात माहीत असतं. (पुणेरी पाट्यांचा विनोद इथे अपेक्षित आहे, तो मी टाळतोय.) मंडळाचा शिरस्ता सुरुवातीपासून असा, की कागद मिळाला की त्यावर टिपण करायचं, सभेत वाचायचं आणि छापायचं. आधी वार्षिक इतिवृत्तं आणि संमेलनवृत्तं निघाली, १९२० पासून त्रैमासिक. टिपणं बहुतेक छोटी. कुठे एखाद्या वतनाचा महजर, कुठे तारखेचा घोळ, कुठे नुसतं 'अमुक वाड्यात अमुक रुमाल सापडला' एवढंच.

अशा टिपणांचा आणि छापील पत्रांचा वीस-पंचवीस वर्षांत डोंगर झाला. एकट्या राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले. शिवाय पारसनीस, वासुदेवशास्त्री खरे, शिवाय इंग्रजांच्या वखारींचे कागद, डचांची रोजनिशी, पोर्तुगीजांचा पत्रव्यवहार. शिवाजी महाराजांवर काही लिहायचं म्हटलं तर माणसानं आधी वाचायचं तरी काय काय? या अडचणीतून १९३० साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानं 'शिवकालीन पत्रसारसंग्रह' काढला. पहिल्या दोन खंडांचे संपादक न. चिं. केळकर आणि द. वि. आपटे. तिसरा खंड १९३७ चा, शंकर नारायण जोशी यांचा.

नावातच सगळं आहे: पत्र, सार, संग्रह. हा ग्रंथ म्हणजे नुसते ॲबस्ट्रॅक्ट. मूळ पत्र त्यात नाही. आहे तो अनुक्रमांक, तारीख, कोणी कोणाला लिहिलं, मजकुराचा सार, आणि मूळ कागद कुठे छापलाय त्याचा पत्ता. सगळं तारीखवार. एखाद्या सालात रायगडावर काय, सुरतेच्या वखारीत काय आणि विजापुरात काय हे एका पानावर खाली-वर दिसतं. मी पहिल्यांदा हा ग्रंथ उघडला तेव्हा रुक्ष वाटला होता. मग एका पावसाळ्यात एक साल धरून सलग वाचायला बसलो, तर कादंबरी बाजूला पडली. केळकर 'केसरी'चे संपादक. कॉलमात मावेल एवढंच ठेवायची सवय इथे कामाला आली असणार, असं मला आपलं उगाच वाटतं.

भाचीला वाटतं सार म्हणजे कात्री. मोठ्यातून छोटं करायचं. पण शिवकालीन पत्राचा सार काढणाऱ्याचं निम्मं काम कात्री हातात घेण्याआधीचं असतं. पत्रावर तारीख असते ती अशी: अरबी महिन्याचा चंद्र, म्हणजे 'छ' अमुक, आणि शुहूर सन, तोही अरबी अंकशब्दांत. 'सबैन अलफ' म्हणजे सत्तर आणि हजार, १०७०. यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो. पण हा सन मृगाला सुरू होतो. त्यामुळे पत्र जानेवारी ते मृग या दरम्यानचं असेल तर ५९९ नाही, ६०० मिळवायचे. समजा पत्र माघातलं आहे. बरोबर हिशेब केला तर ते १६७० च्या सुरुवातीचं ठरतं, म्हणजे सिंहगड घेतला त्या सुमाराचं (तानाजी पडला ती ४ फेब्रुवारी १६७०), औरंगजेबाशी युद्ध पेटलेलं. एक मिळवायचा राहिला तर तेच पत्र १६६९ मध्ये जाऊन बसतं, तहाच्या काळात. शब्द तेच, पण एका पत्रात शत्रूची रसद आणि दुसऱ्यात मित्राची. बऱ्याच पत्रांवर तर साल नसतंच. मग मजकुरातल्या माणसांवरून, ग्रहणावरून, कोण कुठे होता यावरून ते ठरवायचं. सारात ते एका ओळीच्या डाव्या टोकाला मुकाट बसतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं पत्रावर लिहिलेलंच होतं.

ग. ह. खऱ्यांनी 'संशोधकाचा मित्र' लिहिलं ते याच असल्या कामासाठी. नाव फार समर्पक. संशोधकाला दुसरे मित्र नसतातच फारसे. :-)

आता उंदीर.

महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे, १६७० च्या दशकातलं, राजवाड्यांच्या आठव्या खंडात छापलेलं. चिपळूणजवळ घोडदळाची छावणी होती, तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत त्याचा तुकडा वाचला असेल. मी त्याचा सार दोन तऱ्हांनी लिहून भाचीला पाठवला. पहिला असा:

'चिपळूण येथील छावणीच्या अधिकाऱ्यांस पत्र. पावसाळ्यातील दाणावैरणीची व्यवस्था, रयतेशी वर्तन व आगीपासून घ्यावयाची खबरदारी यांबाबत सूचना दिल्या आहेत.'

यात चूक काहीच नाही, आणि हाती लागतं तेही काहीच नाही. 'सूचना दिल्या आहेत'. कुठल्या? हा सार नव्हे, डब्यावरची चिठ्ठी आहे. डब्यात रवा आहे एवढं कळतं, किती आहे आणि अळ्या झाल्यात का ते कळत नाही. विज्ञानाच्या पेपरांवरही असले सार ढिगाने सापडतात. 'परिणामांची चर्चा केली आहे', 'निष्कर्ष मांडले आहेत'. अहो, मग मांडा ना! भाचीच्या पहिल्या खर्ड्यात असली पाच वाक्यं होती.

दुसरा:

'चिपळूण येथील छावणीच्या अधिकाऱ्यांस पत्र. घोड्यांसाठी पावसाळ्यापुरता साठा करून दिला आहे, तो बेतानं खर्चावा. तो आधीच संपवलात तर तुम्ही कुणब्यांचं धान्य, गवत, लाकूड, भाजी ओरबाडाल. ते परागंदा होतील, उपाशी मरतील आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असं म्हणतील. गवताच्या गंजींजवळ चुली, तंबाखू आणि रात्री दिवे ठेवू नयेत. उंदीर पेटती वात नेऊन आग लावू शकतो. गवत जळालं की घोडे मेले; मग कुणब्यांची डोकी मारली तरी काडी मिळणार नाही.'

पहिल्यापेक्षा तिप्पट लांब झाला, मान्य. पण पत्र काय म्हणतं ते यात आलं. मुख्य म्हणजे कारण आलं. या पत्राचं सगळं बळ 'असं कराल तर तसं होईल' या साखळीत आहे: दाणा संपला, रयत लुटली, रयत पळाली, मुलूख गेला. साखळी तोडून नुसते आदेश ठेवले तर ते कुठल्याही सरदाराचं पत्र वाटेल. आणि उंदीर? सार काढणारा शंभरातले नव्व्याण्णव वेळा पहिला उंदरालाच हाकलेल. किरकोळ तपशील म्हणून. तो किरकोळ नाही. स्वराज्याचा धनी दिव्याच्या वातीपर्यंत विचार करत होता हे सांगणारी त्या पत्रातली तीच तर जागा. उद्या कोणी शिवाजी महाराजांच्या कारभारावर लिहिताना नुसता सार वाचणार असेल, तर त्याला हा माणूस भेटणार की नाही हे त्या उंदरावर ठरतं.

आणि नुसता सार वाचणारे असतातच. बहुसंख्य तेच. मी कितीतरी पुस्तकं पाहिली आहेत ज्यांतल्या तळटिपा पत्रसारसंग्रहाच्या क्रमांकापाशी येऊन थांबतात. पुढे मूळ पत्रापर्यंत कोणी गेल्याची खूण नाही. यात संपादकांचा दोष नाही. त्यांनी प्रत्येक सारासोबत मूळ कागदाचा पत्ता दिलाय, म्हणजे दार उघडून ठेवलंय. लोक आत जात नाहीत.

विज्ञानातही हेच. 'जामा' हे अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेचं मोठं नियतकालिक. त्यात १९९९ साली पिटकिन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला होता. त्यांनी वैद्यकातली सहा नामांकित नियतकालिकं घेतली आणि प्रत्येकातल्या काही लेखांचे ॲबस्ट्रॅक्ट आतल्या मजकुराशी ताडून पाहिले. सारातला आकडा आतल्या आकड्याशी जुळत नाही, किंवा सारात आहे तो आकडा आत कुठेच नाही, असे सार किती निघावेत? नियतकालिकानुसार १८ टक्क्यांपासून ६८ टक्क्यांपर्यंत. हे ऐकून भाची गप्प झाली आणि मग तिनं आपले आकडे एकेक करून पुन्हा ताडले. माझ्या मते ॲबस्ट्रॅक्टबद्दलचा सर्वांत कामाचा सल्ला हाच: लिहून झाल्यावर त्यातल्या प्रत्येक आकड्याखाली बोट ठेवा, आणि तोच आकडा पेपरात कुठल्या पानावर आहे ते शोधा.

गंमत म्हणजे आपला सार आपणच लिहायचा ही पद्धत तशी नवी आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीत निबंध सभेत वाचले जात आणि चिटणीस त्यांचा सार इतिवृत्तात नोंदवत. हे सार १८३२ पासून वेगळे छापायला लागले, पहिल्या खंडात १८०० पासूनचे. म्हणजे सार हे चिटणिसाचं काम, लेखकाचं नव्हे. लेखकानंच स्वतःच्या लेखाच्या डोक्यावर सार लिहायचा हे विसाव्या शतकात रुळलं, आणि १९८७ मध्ये वैद्यकातल्या लोकांनी त्याला उद्देश, पद्धत, निकाल, निष्कर्ष असे कप्पे पाडून दिले. चिटणिसाला एक फायदा असायचा. निबंध त्याचा नसल्यानं त्याला त्याचं कौतुक नसे. लेखकाला मात्र आपल्या आठ महिन्यांचा मोह सुटत नाही. भाचीच्या अडीचशे शब्दांतले शंभर 'हा विषय किती महत्त्वाचा' यावर गेले होते. मी म्हटलं, पत्रसारसंग्रहात 'छत्रपती शिवाजी महाराज हे थोर होते' अशी प्रस्तावना दर पत्राला असती तर?

सरदेसायांचं उदाहरणही इथेच सांगून टाकतो. 'पेशवे दफ्तर' या मालेचे ४५ खंड त्यांनी १९३० ते १९३४ एवढ्या अवधीत काढले. पत्रं मराठी, त्यांचे छोटे सार इंग्रजीत. ज्यांना मराठी येत नाही अशा अभ्यासकांनी मराठ्यांचा इतिहास कितीतरी वर्षं त्या इंग्रजी ओळींतूनच पाहिला. सार कुठल्या भाषेत आहे यावर तो कोणासाठी आहे हे ठरतं, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आता आमच्या पेठेच्या नावाकडे येतो. सदाशिव पेठ ही सदाशिवरावभाऊंच्या नावाची. भाऊ १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडले. त्या पराभवाची बातमी सांगणारं सावकारी पत्र ग्रँट डफनं १८२६ च्या आपल्या इतिहासात दिलंय. सगळ्यांना पाठ असतं ते: दोन मोती गेले, काही मोहरा हरवल्या, आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांची तर मोजदादच नाही. दोन मोत्यांतले एक भाऊ, दुसरे विश्वासराव. सार म्हणून पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही. निकाल पहिल्या शब्दाला. आकडा माहीत आहे तिथे आकडा, नाही तिथे 'मोजता येत नाही' अशी सरळ कबुली. प्रस्तावना शून्य. वाटेत पत्र कोणी फोडलं तर व्यापाराची चिठ्ठी वाटावी, ही सोय वर.

पण मला ते पत्र दर वेळी बोचतं. खुर्दा म्हणजे कोण? हजारोंनी मेलेले शिपाई, बाजारबुणगे, यात्रेला म्हणून लष्कराबरोबर निघालेली माणसं. त्यांची घरं इथल्याच गल्ल्यांतून आणि पुणे-साताऱ्याच्या गावागावांतून होती. सार काढताना काय मोती आणि काय चिल्लर हे कोणीतरी ठरवतो, आणि एकदा ठरलं की अडीचशे वर्षं तेच चालतं. भाचीच्या पेपरातही असा एक खुर्दा होता. साठवणीचे प्रयोग केले त्यांत काही चाळींमध्ये तिची पद्धत मुळीच चालली नाही. पेपरात ते प्रामाणिकपणे दिलंय, पण सारात नव्हतं. "जागा नाही रे मामा." जागा शंभर शब्दांच्या कौतुकाला होती. यावर आमचं चांगलं वाजलं. तिचं म्हणणं, परीक्षक सारात अपयश वाचलं की पुढे वाचतच नाहीत. असेलही. तिला तिच्या धंद्यातलं माझ्याहून जास्त कळतं. मी एवढंच म्हटलं, की ज्या शेतकऱ्याची चाळ तशीच असेल त्याच्यापर्यंत तुझा सार पोचला तर तो काय करेल? दोन दिवसांनी तिनं एक वाक्य घातल्याचं कळवलं. महत्त्वावरची चार वाक्यं काढावी लागली म्हणे.

सार किती आखूड असू शकतो याची पराकाष्ठा म्हणजे जेधे शकावली. कारीच्या जेधे देशमुखांकडून ती टिळकांच्या हाती आली आणि मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात १९१६ मध्ये छापली गेली. शक, महिना, तिथी, आणि पुढे जेमतेम एक ओळ घटना. वर्णन नाही, कारण नाही. त्यातल्या एका ओळीनं शिवजन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ला नेऊन ठेवला, आणि तोवर घट्ट बसलेली १६२७ ची तारीख हलली. वाद किती चालला? राज्य सरकारनं १९६६ मध्ये समिती नेमली आणि १९ फेब्रुवारी अधिकृत धरली ती २००१ मध्ये. छापील ओळ ते सरकारी निर्णय, पंच्याऐंशी वर्षं! एका ओळीवर लोकांनी विश्वास ठेवला तो ती ठसक्यात लिहिली होती म्हणून नव्हे. परमानंदाच्या शिवभारतात तीच तिथी निघाली, जोधपूरकडे मिळालेली कुंडली जुळली, आणि शकावलीतल्या इतर नोंदी दुसऱ्या कागदांशी ताडून खऱ्या ठरत गेल्या, म्हणून.

आणि मंडळाचे संस्थापक राजवाडे? ते या सगळ्याच्या उलट टोकाला. १८९८ च्या पहिल्या खंडाची, म्हणजे पानिपतच्याच पत्रांच्या खंडाची, त्यांची प्रस्तावना शंभरावर पानांची आहे. तीत ग्रँट डफच्या चुका आहेत, इतिहास कसा लिहावा आहे, भाऊंच्या मोहिमेचा दिवसवार हिशेब आहे. चिडणं आहे, टोमणे आहेत, आणि मधेच असं एखादं वाक्य की पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहत बसावं. अडीचशे शब्दांत सांगा म्हटलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्याला जिन्यावरून खाली पाठवलं असतं. मंडळाशीही पुढे त्यांचं बिनसलंच आणि ते धुळ्याकडे गेले.

भाचीचा सार दोनशे अठ्ठेचाळीस शब्दांवर येऊन गेलासुद्धा. तिनं मला आव्हान दिलंय की आता राजवाड्यांच्या त्या प्रस्तावनेचा अडीचशे शब्दांत गोषवारा तूच करून दाखव. तीन खर्डे झाले. चारशेच्या खाली काही येत नाहीये, आणि जे काढावं ते दुसऱ्या दिवशी परत आत येतंय. कोणाला जमलं तर पाठवा.